घरची गाडी

"नुसतं आवळून दे ना," पेंटर म्हणाला. "सोमवारी परत आली की सावकाश खोल."

मिस्त्रीने मान वर केली नाही. बॉनेटखाली वाकून तो इंजिनावर टाल्कम पावडर भुरभुरत होता. आधी रॉकेलने सगळं धुऊन कोरडं केलं होतं. आता दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. तेल जिथून येत असेल तिथली पावडर भिजते, बाकीची पांढरीच राहते.

गाडी त्याच्या बायकोची होती. गाडीखाली डाग पडतात, चढावर जळका वास येतो, असं ती आठ महिने सांगत होती. आठ महिने तो "बघतो" म्हणत होता. अख्ख्या जगाच्या गाड्या त्याच्या शेडमधून ठणठणीत होऊन जात होत्या आणि घरची गाडी दारात गळत उभी होती. आज सकाळी मात्र त्याने हातातली दोन कामं बाजूला सारली आणि तिची गाडी आत घेतली. दुपारी तिला बहिणीकडे निघायचं होतं, दोन दिवसांसाठी. पाच तासांचा रस्ता आणि मधे मोठा घाट.

"सापडलं," मिस्त्रीने इंजिन बंद केलं. "तेल दिसतं इनटेक मॅनिफोल्डपाशी, पण येतंय वरून. वरच्या झाकणाचं पॅकिंग वाळून लाकूड झालंय. मागच्या कोपऱ्यातून तेल उतरतं आणि मॅनिफोल्डवर साचतं. साचून साचून मॅनिफोल्डचं पॅकिंगही फुगलंय. दोन्ही बदलायला हवीत."

"म्हणजे अर्धं इंजिन खोलणार?"

"खोलतो."

पेंटर त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला गाड्या रंगवायचा. बारा वर्षं दोघं एका छपराखाली होते, त्यामुळे त्याला थट्टा करायचा हक्क होता. "काय रे, घरी भांडण झालंय की लग्नाचा वाढदिवस विसरलास?"

"दोन्ही नाही."

"मग आज एवढं प्रेम कुठून उतू चाललंय?"

मिस्त्री नुसता हसला आणि पहिला बोल्ट सैल केला.

पाइप काढताना त्याने प्रत्येकाला चिकटपट्टी लावून आकडा घातला. इंजिनात हवा नेणारा तो मॅनिफोल्ड उचलून बाजूला ठेवला. हवा आत जायच्या भोकांत चिंध्या कोंबल्या, म्हणजे आत कचरा पडायला नको. जुनं पॅकिंग पात्याने खरवडताना त्याचा हात असा चालत होता, जणू कुणाची दाढी करतोय. मधे एक टेम्पोवाला येऊन तासभर ताटकळला, कुरकुरला आणि निघून गेला. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवं पॅकिंग बसवून त्याने मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं करत, तीन फेऱ्यांत सगळं आवळलं.

एवढ्यावर तो थांबला नाही. पट्टा बदलला, ब्रेक पाहिले, चाकांत हवा भरली, एक दिवा मंद वाटला म्हणून नवा घातला.

"वहिनी बहिणीकडे चालल्यात की मोहिमेवर?" पेंटर लांबून ओरडला.

दोन वाजता ती आली. खांद्यावर एकच बॅग होती.

"झाली?"

"झाली. ऐक." त्याने इंजिन चालू केलं.

ती कान देऊन उभी राहिली. "आवाजच येत नाहीये."

"येतोय. एवढाच यायला हवा होता."

इंजिन बंद करून त्याने तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. "या दोन खुणांच्या मधे तेल हवं. पंधरा दिवसांतून एकदा बघायचं, सकाळी, इंजिन गार असताना."

"तुम्ही असताना मी कशाला बघू?" ती म्हणाली आणि बॅगेचा पट्टा उगाच नीट करत राहिली.

"तरी बघ. करून दाखव."

तिने पट्टी पुसली, आत घातली, पुन्हा काढली आणि उजेडात धरली. "बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्या गोळ्या ओट्याशेजारच्या वरच्या खणात ठेवल्यात. रात्रीची विसरता तुम्ही."

"नाही विसरणार."

ती थोडा वेळ इंजिनाकडे पाहत राहिली. सगळं पुसून लख्ख केलेलं होतं. "आजच कशाला केलंत एवढं?"

"आठ महिने सांगत होतीस."

मग तिने रुमाल काढला, त्याच्या कपाळावरची काळी रेघ पुसली आणि गाडीत बसली.

"सावकाश जा वहिनी," पेंटर पुढे आला. "आणि लवकर या. हा स्वतःच्या हातचं खाईल आणि नंतर माझं डोकं खाईल."

ती हसली. गाडी शेडबाहेर पडली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

"खूश झाल्या बघ," पेंटर म्हणाला. "सोमवारी आल्या की बघ तुझी कशी बडदास्त ठेवतात."

"सोमवारी नाही येणार ती."

"मग कधी?"

मिस्त्री पाने पुसून एकेक जागेवर लावत होता. "तिच्या बहिणीचा फोन आला होता मला. तिकडे स्वतःसाठी वेगळी खोली घेतलीय हिने. एक तारखेपासून नोकरीही आहे. मला कळलंय, हे तिला माहीत नाही."

पेंटर त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "अरे, मग गळू द्यायची होतीस गाडी! थांबल्या तरी असत्या."

"थांबली नसती," मिस्त्री म्हणाला. "घाटात बंद पडली असती. आणि मग तिला मलाच फोन करावा लागला असता."