त्यांच्याच वेगाने

माझे आवडते व्हायोलिनवादक कॅसेटमध्ये शेवटचा तुकडा असा काही वाजवायचे की ऐकणाऱ्याने तोंडात बोटंच घालावीत. मला तो तस्साच वाजवायचा होता. कॅसेटशी सूर जुळवायला तारा चढवाव्या लागत आणि त्या फटाफट तुटत. आई करवादायची, "अगं, जरा हळू! कुणी मागे लागलंय का तुझ्या?" मी म्हणायचे, "त्यांना येतं, तर मला का नाही येणार?" बोटं सोलवटली, पण हट्ट सोडला नाही.

शेवटी त्यांच्याच घरी, त्यांच्याच समोर बसून, कॅसेटवरून बसवलाय असं सांगून मी तो तुकडा वाजवला. एकही सूर निसटला नाही. ते डोळे विस्फारून बघत राहिले.

"एवढं जलद मी आयुष्यात वाजवलेलं नाही," ते म्हणाले. "पोरी, तुझा टेपरेकॉर्डर जास्त वेगाने पळतोय."

माझे कान तापले. मी व्हायोलिन पेटीत ठेवू लागले.

तेवढ्यात त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि स्वतःचं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं.

"ठेवतेस काय? पुन्हा वाजव. आणि जरा सावकाश, मला शिकायचंय."