दाराबाहेरून ऐकलेला खर्ज

"आजी, हे भजन नाही, मेटल म्युझिक आहे. यांना दणका लागतो," असं म्हणत दुकानदाराने कपाटाएवढा स्पीकर पुढे ओढला. माझी नात मृण्मयी बँडमध्ये बेस गिटार वाजवते. शनिवारी तिचा पहिला कार्यक्रम होता. अँप्लिफायर पसंत पडला होता, पण त्याला जोडायला मोठा स्पीकर घ्यावा की लहान, हे ठरत नव्हतं.

"मी दाराबाहेर उभी राहते. दोन्हींवर एकच स्वर वाजव," मी म्हटलं.

ऐकून आत आले. "लहान घे. मोठा नुसता घुमतो, त्यात तुझा स्वर बुडतो."

मृण्मयीने पुन्हा वाजवून पाहिलं. "खरंच की! तुला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. माझे वडील पखवाज वाजवायचे. खर्ज भरदार यावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. ती मी मळायचे. ते थाप मारायचे आणि मी स्वयंपाकघरातून सांगायचे, अजून सुपारीएवढी लावा. कधी चुकले नाही. शिकवलं मात्र माझ्या भावाला. मुलींनी पखवाजाला हात लावायचा नाही, असं होतं."

तिने स्वतःच्या गळ्यातली गिटार काढून माझ्या गळ्यात अडकवली.

"अगं, मला कुठे येतं?"

"सगळ्यात जाड तार ओढ. जोरात."

मी ओढली. पायाखालची फरशी थरथरली. दुकानदाराने आवाज कमी करायला हात पुढे केला.

"राहू द्या हो काका," मृण्मयी म्हणाली.