पाहुण्या पिचरची चिली

बेसबॉलच्या सामन्यावर पैज लावताना नॉर्बर्ट एकच बघतो, दोन्हीकडून सुरुवातीला कोण पिचर बॉल टाकणार. सकाळीच म्हणाला, "आज पाहुण्या संघाकडून व्हिटकॉम्ब टाकतोय. तुमचं काही खरं नाही, लेका!" हरेल त्याने मिशी उडवायची असं ठरलं. नॉर्बर्टची मिशी म्हणजे चोवीस वर्षं तेलपाणी करून वाढवलेली, अख्ख्या सिनसिनाटीत तशी दुसरी नाही.

दुपारी बघतो तर काय, खुद्द व्हिटकॉम्ब माझ्याच हॉटेलात! स्पगेटीवर चिली, म्हणजे आमचा खिम्याचा तिखट रस्सा, घेतली आणि वर म्हणतो, "एवढंच तिखट?" मग काय, मी तिखटाचा हात सैल सोडला.

संध्याकाळी गडी पोट धरून आतच बसला. त्याच्या जागी एक नवखा आला, त्याला आपल्या पोरांनी धू धू धुतला. अकरा-शून्य! मी वस्तरा नाचवत नॉर्बर्टच्या दारात गेलो आणि हसत हसत चिलीचा सगळा पराक्रम सांगितला.

 

नॉर्बर्टने मला कडकडून मिठी मारली, "अरे, ठरलेला पिचर उतरलाच नाही तर पैज रद्द होते, माझी मिशी वाचवलीस रे राजा!"