बिनमिठाचे तीन महिने

बायकोनं त्याच्या कोटाच्या खिशातून वेफर्सचं रिकामं पाकीट काढलं आणि मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरून त्याच्यापुढे नाचवलं.

"हे काय?"

शिंप्यानं मशीनवरून मानही वर केली नाही. "चुकलं."

तिची तिडीकच उठली. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होती. आई गेल्यावर तिनंच याला लहानाचा मोठा केला. सगळ्या घरात किडनी जुळली ती एकट्या याची, आणि घोडं अडलं रक्तदाबावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने मीठ तोडा, रोज चाला, सिगरेट बंद. दाब उतरला तर ऑपरेशन, नाहीतर तुमची किडनी घेता येणार नाही.

"मी देणार म्हणजे देणार," हा सगळ्यांदेखत म्हणाला होता. ताई ढसाढसा रडली होती.

तेव्हापासून याच्याबरोबर बायकोही अळणी गिळत होती. उकडलेला भोपळा पाहिला तरी ती तोंड फिरवायची. आणि हा चोरून बकाबका खायचा. बॉबिनच्या डब्यात खारे शेंगदाणे, बुटात सिगरेटी. बुटात! दाब तसूभर हलला नव्हता. तिला आता त्याच्या जेवणाऱ्या तोंडाकडेही बघवत नव्हतं.

"तिकडे ताईंचा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्हाला जिभेचे चोचले सुचतायत? शी!"

"सुटत नाही गं," तो पुटपुटला.

आज शेवटची तपासणी होती. दवाखान्याच्या बाकावर ताईनं त्याचा हात हातात घेतला.

"नाही उतरला तर नाही उतरला. मनाला लावून घेऊ नकोस, राजा."

"मी जरा पाणी पिऊन येतो," तो म्हणाला आणि उठला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. गेला चरायला, बायकोच्या मनात आलं. आज रंगेहाथ पकडून ताईंसमोरच उभा करायचा, असं ठरवून ती मागोमाग गेली.

जिन्यामागच्या बेसिनपाशी तो तिच्याकडे अर्धी पाठ करून उभा होता. त्यानं खिशातली पुडी कागदी पेल्यात उलटी केली. पांढरंशुभ्र मीठ. नळाचं पाणी घालून बोटानं ढवळलं. मग एका हातानं नाक घट्ट दाबलं आणि डोळे मिटून पेला घटाघटा रिकामा केला. त्याला उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं. तोंडावर हात दाबून त्यानं ओकारी परतवली, आणि दुसरी पुडी फोडली.