शिरीनबेगीची वेणी

बल्खचा कारभार हाकणाऱ्या बेगमसाहेबांचे केस मी वीस वर्षं विंचरत आले. लढाई टळावी म्हणून त्यांनी आपली चौदा वर्षांची लेक, शिरीनबेगी, उत्तरेच्या खानाला दिली. सहा वर्षांनी तिच्या मरणाची खबर आली.

दुसऱ्या सकाळी बेगमसाहेबांच्या डाव्या कानामागे एक बारीक वेणी घातलेली होती. ढिली, तिरकी. शिरीन लहानपणी आईला अशीच घालायची.

मी सोडायला गेले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं तुर्गाय. एवढीच तर येते तिला."

रात्री त्यांच्या दालनात दुसरं कुणीही निजत नसे. तरी ती वेणी रोज सकाळी दिसू लागली.

मग खानाचा निरोप आला. शिरीनची चार वर्षांची मुलगी आजीकडे यायला निघाली होती. बेगमसाहेबांनी स्वतः तिच्यासाठी खोली लावून घेतली. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

निरोपानंतरच्या नवव्या सकाळी, नात अजून वाटेतच असताना, मी त्यांचे केस उचलले. त्या वेणीखाली आणखी एक होती. बोटभर लांब, तीन पेडही नीट न जमलेली.

"हात का थांबला गं? किती आहेत?"

"एकच आहे, बेगमसाहेब," मी म्हणाले.