उकंडरावांचा नकार

“विचार त्याइले,” नारायणराव म्हणाले. “सारी बिल्डिंग उकंडरावाच्या एका शब्दासाठी अडून राह्यली.”

अनुपमा पदर सावरून सासऱ्यांच्या खाटेजवळ बसली. उकंडरावांना लकवा मारला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. उजवं अंग गेलं, मान सारखी हलत राहायची आणि तोंडातून नुसती घरघर निघायची. ती घरघर अख्ख्या चिखलीत एकट्या अनुपमाला कळायची. पाणी हवं, पंखा नको, पेपरात आज कोण गेलं ते वाच, सगळं ती बरोबर ओळखायची. डॉक्टरसुद्धा तिला विचारूनच गोळ्या बदलायचे.

“बाबा, आपली बिल्डिंग पाडून नवी बांधाची म्हणतात. लिफ्टवाली. तुमचं काय म्हणणं आहे?”

उकंडरावांनी डोळे मोठे केले. घशातून एक लांब आवाज निघाला, त्यामागून एक छोटा.

अनुपमाने त्यांच्या पायांवरची चादर नीट केली. मग म्हणाली, “नाही म्हणतात. माह्या जितेपणी भिंतीले हात लावू नका म्हणतात.”

नारायणरावांनी कपाळाला हात लावला. ते सोसायटीचे अध्यक्ष. अध्यक्षपद घेतलं तो दिवस ते हल्ली रोज आठवायचे. तीन मजली इमारतीच्या कॉलममधल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. मागच्या महिन्यात तळमजल्यावरच्या जमीलाबींच्या स्वयंपाकघरात स्लॅबचा मोठा तुकडा थेट शेगडीवर कोसळला. त्या तेवढ्यात वाळलेले कपडे काढायला बाहेर गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. तेव्हापासून सगळे तयार झाले होते, उकंडराव सोडून.

“ज्याले लिफ्ट सर्वात जास्त लागते, तोच अडून बसला,” लोक म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. आजारपणानंतर उकंडराव जिना उतरले नव्हते. रोज संध्याकाळी अनुपमा त्यांना गॅलरीत बसवायची आणि ते खाली कडुनिंबाखाली गप्पा मारत बसलेल्या जुन्या सोबत्यांकडे बघत राहायचे.

“बेटी, मी भाड्याच्या खोलीत राहीन दोन वर्षं,” नारायणरावांसोबत आलेल्या जमीलाबी म्हणाल्या. “पण या स्लॅबखाली झोप नाही लागत मले. समजाव न त्याइले.”

“रोज समजावून राह्यली, खाला. सासरे आहेत. जबरदस्ती कशी करू?”

जमीलाबींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायकांना अनुपमाची कीव यायची. नवरा गेला, पदरी मूल नाही, आणि वर हा हट्टी म्हातारा. पुण्याचे मोठे दीर अधूनमधून फोन करायचे. “काम सुरू झालं की बाबांना मी इकडे आणतो. तू मोकळी होशील. साखरखेर्ड्याला भावाकडे जा, आराम कर. नव्या फ्लॅटचं मग बघू आपण.” केवढा समजूतदार माणूस, असं सगळे म्हणायचे. अनुपमाही “हो दादा” म्हणायची. साखरखेर्ड्याला ती राखीला जायची, आणि पाणी द्यायच्या आधी वहिनी परतीची बस कितीची ते विचारायची.

नवी इमारत बांधणार होता अजहर. गावातलाच, सरळ माणूस. एकही घर नाराज असेल तर पाडायला मशीन लावायचं नाही, असा त्याचा नियम होता. आज तोही आला होता. तो खाटेजवळ येऊन खाली वाकला.

“चाचा, हो असन तर माहा हात दाबा.”

उकंडरावांच्या डाव्या हाताने अजहरचा हात असा आवळला की त्याची अंगठी रुतली. नारायणराव एक पाऊल पुढे आले.

“ते धरलेला हात सोडतच नाहीत,” अनुपमा म्हणाली. “परवा सलाइन लावाले आली त्या नर्सचाही असाच धरून ठेवला होता.”

अजहरने हळूहळू आपला हात सोडवला. उकंडरावांच्या डोळ्यांतून पाणी गालावर ओघळलं. अनुपमाने ते पदराने टिपलं. “घराची गोष्ट निघाली की असंच होते त्याइले.”

अजहरने तिच्याकडे पाहिलं. “भाभी, तुमचं काय म्हणणं आहे?”

“तिले काय विचारता?” नारायणराव म्हणाले. “घर उकंडरावाचं आहे, शब्द त्याइचा. ती बिचारी काय सांगन?”

अनुपमाने मान खाली घातली. अजहरने दाराशी जाऊन चपला घातल्या.

“उद्या सकाळी अजून एकदा येतो. उद्याही नाही म्हणले, तर मी उंद्री रोडचं काम धरून घेतो. मंग इकडे माह्याच्यानं होणार नाही.”

जमीलाबी त्याच्यामागून जिना उतरल्या. नारायणराव मागे रेंगाळले. “तू मनाले लावून घेऊ नको, पोरी. तुले कोणी बोल लावणार नाही. तू तं सोन्यासारखी सून आहेस.”

ती कसनुसं हसली. त्यांची पावलं जिन्यावर विरेपर्यंत दारात उभी राहिली, मग कडी लावून घेतली. गॅसवर मऊ खिचडी होती. ती वाटीत घेऊन, तूप घालून, फुंकर मारत ती खाटेशी आली. उकंडरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने चमचा पुढे केला, त्यांनी ओठ उघडले नाहीत. वाटी तशीच खाली ठेवून ती खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडत राहिली.

“ते उद्या अखेरचे येतीन, बाबा,” ती म्हणाली. “मले दुसरं घर नाही. उद्या तरी हो म्हणू नका.”