अर्धा सूर वर

"चढलंय. अजून चढलंय. तुला ऐकू येत नाही का गं?"

मुलीच्या खांद्यामागे खुर्ची ओढून बसलेले, वाद्यवृंदाचे म्हातारे कंडक्टर सकाळपासून हेच पुटपुटत होते. स्टुडिओ मुलीचा. मशीनवर जुनी टेप फिरत होती: पडदा उघडण्याआधी सगळा वाद्यवृंद वाजवतो ते ऑपेराचं ओव्हर्चर, कंडक्टरांनी ऐन उमेदीत बसवलेलं. रेकॉर्ड कंपनी ते पुन्हा काढणार होती. फक्त त्यांनी एकदा ऐकून 'हो' म्हणायचं बाकी होतं.

"बाबा, मशीन कालच तपासलंय."

"मग नीट तपासलं नाहीस. ही काय डी मेजरची पट्टी आहे? अर्धा सूर वर आहे हे. टेप पळतेय तुझी."

सोफ्यावर बसलेल्या त्यांच्या बायकोने थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

तिच्या कानाला ते डी मेजरच होतं. मुलीच्याही. पण गेल्या वर्षी घरच्या पियानोलाही हाच रोग लागला होता. ट्यूनरने बिचाऱ्याने दोनदा बरोबर लावून पाहिला, तिसऱ्यांदा सगळ्या तारा मुकाट अर्धा सूर खाली उतरवल्या आणि "माझंच चुकलं, सर" म्हणत चहासुद्धा न घेता पळाला. तेव्हापासून तिचं व्हायोलिन पेटीतच होतं. त्या पियानोसोबत वाजवायचं म्हणजे खोटं वाजवायचं. मग दारावरची बेल चढली. नातीचं चावीचं खेळणं चढलं. घरात कुणी काही बोललं नाही.

मुलीने आईकडे पाहिलं. आईने थर्मासकडे.

"थोडी हळू करून बघू?" मुलगी म्हणाली आणि तिने बटण फिरवलं.

टेपची एक खोड असते. हळू केली की सूर उतरतो, पण त्याच्या मागोमाग लयही उतरते. एकाला घरी ठेवून दुसऱ्याला आणता येत नाही.

"हां!" कंडक्टर डोळे मिटून म्हणाले. "हे डी मेजर. आता लाव पहिल्यापासून."

शेवटी सगळ्यांची लग्नं लागतात अशा गमतीच्या ऑपेराचं ते ओव्हर्चर. पोरं जिन्यावरून धडधडत खाली येतात तसं ते यायला हवं. आता ती पोरं कठडा धरून, एकेक पायरी बघत उतरत होती.

कंडक्टरांचा उजवा हात आपोआप उठला. हात पुढे गेला, वाद्यं मागे राहिली. हात थांबला, वाद्यांसाठी खोळंबला, पुन्हा निघाला आणि पुन्हा एकटाच पुढे गेला. शेवटी तो मांडीवर येऊन पडला.

"हे रेंगाळतायत," ते म्हणाले. "माझी लय अशी नव्हती. कोण मागे ओढतंय? दुसरी व्हायोलिनं. पहिल्यापासून झोपाळू होती ती रांग."

"त्या रांगेत मी होते हो," बायको म्हणाली.

"म्हणून तर इतकी वर्षं बोललो नाही."

"बाबा!"

"बाबा काय? ऐक की. सगळा आनंद मेलाय त्यातला." त्यांनी मशीनकडे बोट केलं. "सांग कंपनीला, काढू नका म्हणावं. असं वाजवलं असेल आम्ही, तर ते पुसलेलंच बरं."

मुलीचा हात बटणावरच होता. बटण मागे फिरवलं की पोरं पुन्हा धावली असती आणि बाबांचा सूर पुन्हा चढला असता. तिने हात काढून घेतला.

त्या रांगेतली आता तिची आई एकटीच उरली होती. ती उठली. पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिने नादकाटा काढला. दोन दातांचा पोलादी काटा. ठोकला की एकच सूर देतो, जन्मभर तोच. कंडक्टरांचाच होता. वर्षभर ते तो घरभर शोधत होते आणि ती मनापासून शोधू लागत होती.

"अगं! कुठे सापडला?"

"आधी ऐका."

त्यांनी तो गुडघ्यावर ठोकून कानाशी धरला. आवाज विरेपर्यंत धरून ठेवला. पुन्हा ठोकला, दुसऱ्या कानाशी धरला.

"हाही चढलाय," ते म्हणाले. हे मात्र फार हळू म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "पडला होता का कुठे?"

मुलीने मशीन बंद केलं.

बायको त्यांच्या शेजारी वाकली. काट्यावर त्यांची बोटं होती, त्यांच्यावर तिने आपली ठेवली.

"पोलाद आहे ते. त्याला काय होतंय?" ती म्हणाली. "टेप बरोबर आहे. पियानोही बरोबर होता. आम्ही सगळ्यांनी बरोबर वाजवलं होतं, तुमच्याच लयीत. बदललेत ते तुमचे कान, अहो."